नागपूरचं बी

"नागपूरच्या नर्सरीतून मागवलंय बी. यांच्या ऑफिसातले एक जण जातात ना नेहमी, त्यांच्यासोबत," शकुंतला आतल्या खोलीत कुणाला तरी सांगत होती, आणि बाहेर ओसरीवर एका पायातली चप्पल काढून दुसरी काढायला वाकलेली लीला तशीच वाकलेली राहिली. नवरात्राची सहावी माळ होती. हातात बिस्किटांचा जुना डबा होता आणि त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक फूल होतं. सकाळी उमललेलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच पाकळ्यांचे तीन थर आलेलं. ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. शाळेला सुटी, म्हणून ती उन्हातून अर्धं भंडारा ओलांडून खांब तलावाच्या मागच्या या सरकारी क्वार्टरपर्यंत चालत आली होती. आत कुणीतरी बाई म्हणाली, "तरीच! इथल्या मातीत असं काही होत नाही." शकुंतला हसली. लीलाला ते हसणं ओळखीचं होतं. शाळा तपासायला साहेब आले की शिकवता शिकवता शकू असंच हसायची. परत फिरावं असं तिला वाटलं, पण तेवढ्यात शकुंतलेच्या धाकट्या मुलीनं तिला पाहिलं आणि "आई, लीलामावशी," असं आत ओरडून सांगितलं. मग दुसरी चप्पल काढण्यावाचून काही उरलं नाही.

आत घट बसवलेला होता, आणि त्यावर सोडलेली आजची माळ पांढऱ्या दुहेरी कॉसमॉसची होती. बाहेरच्या रुंद पाकळ्या आणि आत, जिथे साध्या कॉसमॉसला नुसतं पिवळं बटण असतं तिथे, बारीक कातरलेल्या पाकळ्यांचा दाट गुच्छ. आपलं अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तशी लीलाला ती फुलं दिसली. खुर्चीवर बसलेल्या बाई म्हणजे बांधकाम खात्यातल्या नव्या इंजिनिअरसाहेबांच्या मंगलाबाई. शकुंतलेचे मिस्टर त्याच खात्यात ओव्हरसियर. "ये ना लीला, बस," शकुंतला म्हणाली आणि मंगलाबाईंकडे वळून, "या आमच्या शाळेतल्या बाई." नंतर लीलाला, "तुला चहा टाकू?" तुला. दोघीच असल्या की शकू 'तुले' म्हणायची. तेरा वर्षं तुले-मले करणाऱ्या तोंडात हा 'तुला' कोरड्या घासासारखा फिरला. मंगलाबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही पण लावता का हो बागेत काही?" "थोडं थोडं," लीला म्हणाली. "मग ही बघितली की नाही, यांची फुलं?" शकुंतलेनं लीलाकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्या पाहण्यात सगळं होतं, विनवणी होती, धाक होता आणि, लीला नंतर कितीतरी दिवस त्याच गोष्टीशी येऊन अडकत राहिली, खात्री होती. ही बोलणार नाही, अशी खात्री. लीलानं घटाकडे पाहत म्हटलं, "छान आहेत फुलं." बाजूच्या खोलीत बाजेवर निजलेली शकुंतलेची सासू खोकली. चहा आला. लीलानं तो प्यायला. डबा तिनं उघडला नाही.

परतताना ऊन डोक्यावर होतं. तलावाच्या काठानं चालताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही. राग यायला हवा होता, पण मधे आपलंच वाक्य येऊन उभं राहतंय. छान आहेत फुलं. कुणी गळा धरून ते वदवलं नव्हतं. ती बाई परकी होती, आज होती, उद्या बदली होऊन जाणार होती, तिच्यापुढे "हे माझं बी आहे" एवढे चार शब्द बोलायला काय लागत होतं? पण ते चार शब्द बोलले असते तर त्यांच्या मागून पाचवा प्रश्न आला असता, तुम्ही कुठल्या, आडनाव काय, आणि मग त्या खोलीत घटापुढे जे काही झालं असतं ते शकुंतलेला सोसावं लागलं असतं. म्हणजे तिनं शकूला वाचवलं. आणि वाचवताना तिला कळलं होतं की शकूनं आपल्याला कधीचंच विकून टाकलंय. चालता चालता ती थांबली. आजच नाही. कधीचंच. नागपूरच्या नर्सरीचं हे वाक्य इतक्या सफाईनं आलं होतं की ते पहिल्यांदा बोललेलं असणं शक्यच नव्हतं.

बी नागपूरचं नव्हतं. बहात्तर साली शाळेच्या बागेसाठी आलेल्या पुडीतलं ते मिसळीचं बी होतं, गुलाबी, जांभळं, पांढरं, सगळं एकेरी. उरलेलं चिमूटभर लीलानं घरी आणून न्हाणीमागच्या मुरमाड जागेत टाकलं. त्यातल्या एका पांढऱ्या झाडाला एका फुलात, मधल्या पिवळ्या बटणाशी, उंदराच्या कानाएवढ्या पाच-सहा पाकळ्या जादा आल्या. दुसऱ्या कुणाला त्या दिसल्याही नसत्या. तिनं त्या देठाला लाल दोरा बांधला आणि त्या फुलाचं बी वेगळं ठेवलं. काळं, बारीक, वाकडं बी, सुईची टोकं मोडून ठेवावीत तसं. पुढच्या पावसाळ्यात त्यातून आलेली बहुतेक झाडं पुन्हा एकेरीच निघाली. तीन तेवढी अर्धवट दुहेरी. असं वर्षामागून वर्ष. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत तिला कळत गेलं की खत घातलं की नुसती पानं माजतात, फूल येत नाही. या झाडाला गरिबीतच राहू द्यावं लागतं. की फूल यायची वाट पाहावी लागत नाही, रोप वीतभर झालं की देठ बघावा, देठावर तांबूस झाक असली तर ते पुढे गुलाबी होणार, तेव्हाच उपटून टाकावं. पांढऱ्याचा देठ निखळ हिरवा असतो. की चांगली, निरोगी, वाढती रोपं उपटताना हात कचरतो, आणि तो कचरू द्यायचा नसतो. की मधमाशी शेजारच्या अंगणातला गुलाबी पराग आणून सगळं बिघडवते, म्हणून निवडलेल्या फुलांवर जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधाव्या लागतात आणि रोज सकाळी पिशवी सोडून एक फूल दुसऱ्यावर हलकेच घासावं लागतं. तेजराम, तिचा नवरा, डाकघरात जाण्याआधी दात घासत हे पाहायचा आणि म्हणायचा, "लेकराले दूध पाजल्यासारखी करतं तू." मूल त्यांना नव्हतं. ते तो सहज बोलून जायचा आणि मग चूळ भरायला वळायचा.

पौर्णिमेला ती फुलं ती बुद्धाच्या फोटोपुढे ठेवायची. तिचे वडील, कोंढ्याचे चिंधूजी, छप्पन साली नागपूरला जाऊन आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यांनी येताना फोटो आणला होता आणि घरातल्या जुन्या देवांची टोपली वैनगंगेत सोडली होती. त्यांना पांढरं फूल हवं असायचं, आणि कोंढ्यात ते नेहमी मिळायचं नाही. पंच्याहत्तर साली तिनं एसटीनं कोंढ्याला जाताना पिशवीतून फुलं नेली, तेव्हा म्हाताऱ्यानं ती हातात घेऊन बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली. आणि तेव्हाच तिनं त्यांना ते सांगितलं होतं. "बाबा, माही मैत्रीण आहे ना शकुंतला, तिच्या घरी बी हेच फुल चढते. त्यायच्या देवाले." म्हातारा फुलं फोटोपुढे ठेवून बाहेर पडला. संध्याकाळी पारावरून परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता, आणि मग तिला कळलं की तो ते चार जणांना सांगून आलाय. ज्या गावात त्याला देवळाच्या बाजूच्या विहिरीवर कधी जाता आलं नाही, त्या गावात बसून त्यानं सांगितलं होतं की माझ्या पोरीच्या अंगणातलं फूल भंडाऱ्याच्या ओव्हरसियरच्या देव्हाऱ्यात चालतं. काळ बदलला म्हणून. सत्त्याहत्तरमध्ये तो गेला. ते खरं मानूनच गेला. तलावाच्या काठावर उभ्या उभ्या लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं ते शकुंतलेसाठी नव्हतं. आपण बापाशी खोटं बोललो, असं तिला वाटलं. न कळता बोललो, पण त्यानं ते गावभर वाटलं.

घरी आल्यावर तिनं डब्यातलं फूल पाण्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. मग गेल्या सगळ्या वर्षांतल्या गोष्टी एकेक करून उलट्या व्हायला लागल्या. शकू तिच्या घरी जेवत असे. तिच्या हातची भाकर आणि वाळल्या बोंबलाची चटणी मागून खात असे, आणि याच एका गोष्टीवर लीलानं सगळा विश्वास ठेवला होता. आता तिला दिसलं की ते नेहमी दुपारचं असायचं, शाळा सुटल्यावर, शकूचे मिस्टर दौऱ्यावर असताना. फुलं शकू नेहमी शाळेतूनच न्यायची. "कायले इतक्या दूर येतं, उन्हाची," म्हणायची. दर जूनमध्ये ती नवं बी मागायची, कारण तिच्याकडची झाडं शेणखतावर पुरुषभर वाढायची आणि दुसऱ्याच वर्षी गुलाबी पडायची. लाल देठ उपट, असं लीलानं दहादा सांगितलं होतं. शकूचं उत्तर ठरलेलं असे, "माझ्याच्यानं नाही होत बाई. तू आहे ना." तू आहे ना. किती गोड वाटलं होतं ते. संध्याकाळी तेजराम आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पायमोजे काढत ऐकत होता. "मले नाही नवल वाटलं," तो म्हणाला. "तुले माहीत होतं?" "माहीत नव्हतं. पण नवल नाही वाटलं." "मग मले आधी काहून नाही बोलला कधी?" तेजरामनं मोजे बुटात घातले. "तू खूश राहत होती," तो म्हणाला. तिला वाटलं, या घरात इतकी वर्षं आपण एकटीच काहीतरी मानत बसलो होतो, आणि हा बाजूला बसून लहान पोरीचा खेळ पाहावा तसा पाहत होता. त्या रागात शकूवरचा राग थोडा वेळ विसरला गेला.

शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शकुंतलेनं तिला रिकाम्या वर्गात गाठलं आणि दार लोटून घेतलं. "तू तीन दिवसांपासून माझ्याकडे पाहून नाही राहिली," ती म्हणाली. लीला फळा पुसत होती. "बोल ना. शिव्या दे." "कायच्या?" "लीला, माझ्या सासूचं तुले माहीत आहे. सानगडीची बाई ती. जुन्या वळणाची. तिले कळलं असतं ना, तर एक फूल आत गेलं नसतं. मी काय केलं असतं? तुले सांगितलं असतं की नको देऊ? ते बरं झालं असतं?" लीला फळा पुसतच राहिली. शकुंतला जवळ आली. तिचे डोळे खरेच भरले होते. "मी खोटं बोलली, म्हणून तुझं फूल देवापर्यंत पोचलं. आठ वर्षं पोचलं. हे तू पाहूनच नाही राहिली." आणि लीलाला कबूल करावं लागलं, मनातल्या मनात, की यात काहीतरी आहे. फूल पोचलं होतं, नाव तेवढं पोचलं नव्हतं, आणि फुलाला नाव कशाला हवं, असं म्हणणारी माणसं चांगली असतात. आपण चांगलं माणूस व्हावं असं तिला नेहमी वाटत आलं होतं. "जाऊ दे," ती म्हणाली. शकुंतलेनं तिचा खडूनं भरलेला हात धरून दाबला आणि पदरानं डोळे पुसत गेली. त्या दिवाळीत ती दोनदा येऊन जेवूनही गेली. लीलानं तिला वाढलं. फक्त घास तोंडात असताना शकू काही बोलली की लीलाला वाटायचं, हिला आत्ता, या क्षणी, कुणी विचारलं की कुठे होतीस, तर ही काय सांगेल?

जानेवारीत शाळेच्या इमारतीत मोतीबिंदूचं शिबिर भरलं. शिक्षकांना नोंदणीचं काम होतं. खेड्यापाड्यांतून म्हातारी माणसं एसटीनं आली होती, लाखांदूरपासून. चौथीच्या वर्गात बाकं हटवून सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्यावर एका डोळ्याला हिरवं फडकं बांधलेल्या म्हाताऱ्या ओळीनं निजल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लीला यादी घेऊन एकेकीचं नाव विचारत फिरत होती. खिडकीजवळची म्हातारी म्हणाली, "कौशल्या. सानगडी. आता लेकाकडं रायतो, इथंच." लीलानं वर पाहिलं. शकुंतलेच्या घरी तिनं या बाईला उजेडात कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती नाव लिहून पुढे सरकणार तोच म्हातारी म्हणाली, "तू लीला होय ना वो? पांढऱ्या फुलावाली?"

लीला तिथेच उकिडवी बसली. "कोणी सांगितलं तुमाले?"

"सांगाले कायले पायजे. आवाज ओयखला मी. त्या दिशी मनली ना तू, छान आहेत फुलं मनून." म्हातारीनं उघड्या डोळ्यानं छताकडे पाहत हात चाचपला आणि लीलाच्या मनगटावर ठेवला. हात गरम, खरखरीत होता. "मी मनलं, वा वो बाई. सोताचंच फूल, अन् अशी बोलते जशी लोकायचं."

"तुमाले माहीत होतं? की ते माह्याकडचं..."

"पहिल्या सालापासून. लहानी सांगे ना, लीलामावशीनं देल्लं मनून. लेकरू कायले लपवते."

"मग तुमी देवाले काहून चालू देलं?"

म्हातारीला प्रश्न कळला नसावा. किंवा कळला असावा, कारण मनगटावरचा तिचा हात सैल झाला. "मी जुनी बाई आहो," ती म्हणाली. "माह्या मायनं जे केलं ते मी बी केलं, लई केलं. तुमच्या लोकायले दुरून पानी टाकलं. नाही कशी मनू. पन फूल मोठं देखनं होतं वो. मी कधी इचारलंच नाही सुनबाईले, कोठचं आनलं मनून. तिनंच सांगतलं मले, आपल्या मनानं. नागपूरचं मनून. मी मनलं, मनू दे. तिले लाज वाटत असन."

वर्गाच्या दाराशी डॉक्टर आले म्हणून लीला उठली. तिनं पुढची सगळी नावं बरोबर लिहिली, गावांसकट. लाज वाटत असेल. म्हणजे घरात कुणी अडवायला उभं नव्हतंच. दार उघडंच होतं, आणि शकुंतलेनं ते स्वतः लोटून घेतलं होतं, आणि मग आठ वर्षं त्या दाराशी उभी राहून लीलाला सांगत होती की मी किती झटते आहे बघ तुझ्यासाठी. रिकाम्या वर्गातलं ते रडणं खरं होतं, यात लीलाला शंका नव्हती. तेच सगळ्यांत वाईट होतं. सासू जुन्या वळणाची, हे शकूनं स्वतःलाही इतकं सांगितलं होतं की तिला ते खरं वाटत होतं. लीलानं तिला विचारायचं ठरवलं. दुपारी शकुंतला सासूसाठी डबा घेऊन आली, ओसरीवरून हसत म्हणाली, "जेवली का गं?" आणि लीलाच्या तोंडून निघालं, "हो." एवढंच. विचारून काय मिळणार होतं? शकू पुन्हा रडली असती, आणि लीलाला पुन्हा "जाऊ दे" म्हणावं लागलं असतं. ते तिला आता जमणार नव्हतं.

त्या जूनमध्ये शकुंतलेनं बी मागितलं तेव्हा लीलानं सांगितलं, "यंदा कमी आहे." पुढच्या जूनमध्ये तिनं मागितलं नाही. भांडण झालं नाही. दोघी एकाच टेबलाशी बसत, मस्टरवर एकाखाली एक सह्या करत, एकीची रजा असली की दुसरी तिचा वर्ग सांभाळी. शकुंतलेच्या सासूबाई वारल्या तेव्हा लीला भेटायला गेली आणि सगळ्या बायकांबरोबर खाली बसली. दुपारचं जेवायला येणं आपोआप थांबलं. कुणी थांबवलं असं म्हणता आलं नसतं. न्हाणीमागच्या मुरमात दर पावसाळ्यात रोपं यायची, लीला तांबड्या देठाची उपटायची, पिशव्या बांधायची. फुलं आता इतकी भरगच्च यायला लागली होती की पावसानं ओली झाली की मान टाकायची, त्यांना काटक्यांचा आधार द्यावा लागे. तिच्या वर्गातल्या मुलींना ती पुडीतून बी द्यायची आणि सांगायची, घरी विचारलं तर लीलाबाईंनी दिलं म्हणून सांगा. हे ती प्रत्येकीला सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज जरा कडक व्हायचा. मुलींना वाटायचं, बाई रागावल्या.

शहाऐंशी साली शकुंतलेच्या मिस्टरांची वर्ध्याला बदली झाली आणि तिचीही तिकडे झाली. निरोपाला सगळा स्टाफ जमला. शाल, नारळ, हेडमास्तर भय्याजींचं लांब भाषण. मग ते म्हणाले, "आता लीलाबाई बोलतील. त्यांच्याइतकं शकुंतलाबाईंना ओळखणारं आपल्यात दुसरं कोण आहे?" लीला उठली. तिला हे ठाऊक होतं की आपल्याला उठवतील, आणि तिनं घरी काही वाक्यं तयारही केली होती, कष्टाळूपणाची, मुलींच्या मायेची. ती सगळी खोटी नव्हती. शकुंतला समोर बसली होती, मांडीवर शाल, कानशिलाजवळ केस पिकलेले, आणि तिनं लीलाकडे पाहिलं. या वेळी त्या नजरेत खात्री नव्हती. नुसती वाट पाहणं होतं. लीलानं टेबलाचा कोपरा धरला.

"शकुंतलाबाई आणि मी," ती म्हणाली, "एकोणीस वर्षं एका शाळेत होतो."

पुढचं वाक्य तिनं शोधलं. जे खरं होतं ते इथे बोलण्याजोगं नव्हतं, आणि जे बोलण्याजोगं होतं ते उच्चारायला जीभ उचलेना. खिडकीबाहेर मुली धावत होत्या. बराच वेळ गेला असावा, कारण कुणीतरी खुर्ची सरकवली. लीला खाली बसली.

"लीलाबाईंना गहिवरून आलं आहे," भय्याजी मऊ आवाजात म्हणाले. "आपण समजू शकतो." शेजारी बसलेल्या ललिताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि टाळ्या वाजायला लागल्या, आधी दोन-तीन, मग सगळ्यांच्या. शकुंतला तेवढी वाजवत नव्हती. ती मांडीवरच्या शालीची घडी उकलत होती आणि पुन्हा तशीच घालत होती, आणि तिच्या खाली गेलेल्या मानेवरून लीलाला दिसलं की तिला ते न उच्चारलेलं वाक्य पूर्ण ऐकू आलं आहे. आपल्याला बरं वाटेल असं लीलाला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मग घंटा झाली, आणि ती हजेरीपट घेऊन चौथीच्या वर्गावर गेली.